परसातील कोंबड्यांचे शिकारी प्राण्यांपासून संरक्षण



आठ-दहा कोंबड्या, एक कोंबडा आणि त्यांच्यामागे फिरणारी पिले एवढा बारदाना आपल्या भागातील कितीतरी घरांच्या परसात असतो. त्याला भांडवल फारसे लागत नाही. खळ्यावर सांडलेले धान्य, घरातील उष्टे-खरकटे, उकिरड्यावरील किडे यांवर देशी कोंबडी आपले पोट भरते. अंड्यांचा आणि कोंबड्यांचा पैसा बहुधा घरातील बाईच्या हातात राहतो. मुलांच्या वह्या, दवाखान्याचा किरकोळ खर्च, आठवडी बाजारातील तेल-मीठ यांना त्याचा हातभार लागतो. सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदा येतो. अंड्याचा पैसा थोडा असला तरी अडीअडचणीला हाताशी असतो.

कोंबड्या का टिकत नाहीत, असे विचारले की गावोगाव दोनच उत्तरे मिळतात : मानमोडी आणि मुंगूस. मानमोडीला, म्हणजे राणीखेत रोगाला, लस आहे हे आता बहुतेकांना माहीत झाले आहे. मुंगूस, रानमांजर, घार, कुत्री यांनी केलेले नुकसान मात्र अजूनही नशिबाचा भाग समजले जाते. प्रत्यक्षात या नुकसानीचा मोठा भाग टाळता येतो. त्यासाठी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. शिकारी प्राणी मारल्याने नुकसान थांबत नाही, त्याची वाट बंद केल्याने थांबते. एक मुंगूस मारला तर त्या बांधावर काही दिवसांनी दुसरा येतो, कारण कोंबडी तेथेच असते आणि भोकही तेथेच असते.

नुकसान नेमके किती?

कोंबडी गेली म्हणजे तिची बाजारातील किंमत गेली, असे आपण धरतो. खरा हिशेब त्याहून मोठा आहे.

देशी कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ७० अंडी देते. ती खुडूक झाली की आपण तिच्याखाली १० ते १२ अंडी ठेवतो. २१ दिवसांनी त्यातून आठ-नऊ पिले निघतात. त्यानंतर सहा ते आठ आठवडे कोंबडी पिलांना घेऊन फिरते. म्हणजे उबवण आणि संगोपन मिळून नऊ ते अकरा आठवडे ती अंडी देत नाही. ही तिची पिलांसाठी केलेली गुंतवणूक असते. आठ पिलांपैकी निम्मे नर धरले तर चार तलंगा हाती येतात. पहिल्या महिन्यात घार, कावळा, मांजर यांनी पाच पिले नेली, तर उरलेल्या तिनांत एखाददुसरी तलंग असते. दोन-अडीच महिन्यांची अंडी गेली आणि जुन्या कोंबडीच्या जागी घालायला नवी तलंगही पुरेशी मिळाली नाही. कळप वाढत का नाही, याचे उत्तर अनेक घरांत येथेच सापडते.

शिकारी प्राणी कोठून येतात?

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. पैनगंगा, काटेपूर्णा, अडाण, अरुणावती या नद्यांचे काठ, नाल्यांतील झुडपे, माळरान आणि मध्ये मध्ये शेती अशी येथील रचना आहे. कारंजा-सोहोळचे काळवीट अभयारण्य याच जिल्ह्यात आहे आणि काटेपूर्णा अभयारण्य अकोला व वाशिम या दोन्ही जिल्ह्यांना लागून आहे. परंतु कोंबड्या नेणारे प्राणी अभयारण्यातूनच येतात असे नाही. मुंगूस, रानमांजर, कोल्हा, घोरपड हे सारे बांधावर, नाल्यात आणि पडीक जागेत राहतात. ते आपले जुने शेजारी आहेत.

पिकाचा आणि या प्राण्यांचा संबंध जवळचा आहे. सोयाबीन पेरणीनंतर दीड महिन्यात जमीन झाकून टाकते. मग गावालगतच्या शेतातून परसापर्यंत लपतछपत येण्यास सलग आडोसा तयार होतो. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये सोयाबीन निघाले की शेतातील उंदीर, साप आणि त्यांच्यामागे फिरणारे प्राणी आडोशासाठी तुरीच्या ओळींकडे, बांधाकडे आणि कुटाराच्या ढिगाकडे सरकतात. तूर डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभी असते. मार्चनंतर शेते उघडी पडतात, नाले आटतात आणि हेच प्राणी पाण्यासाठी वस्तीजवळ येतात. म्हणून पावसाळ्याचा उत्तरार्ध, सोयाबीन काढणीनंतरचे आठवडे आणि उन्हाळा या तीन वेळी अधिक सावध राहावे. काढणी-मळणीच्या दिवसांत घरातील सर्व माणसे शेतात असतात, हेही लक्षात ठेवावे.

कोण आला होता, ते ओळखा

उपाय करण्यापूर्वी शिकारी कोण हे समजले पाहिजे. घारीसाठी लावलेली जाळी उंदराला अडवत नाही आणि उंदरासाठी बुजवलेले बीळ घारीला थांबवत नाही.

१) नुकसानीची वेळ : ही पहिली खूण. मुंगूस दिवसा फिरतो. माणसे शेतावर गेल्यानंतरची सकाळ आणि सामसूम दुपार त्याला सोयीची असते. घोरपडही दिवसाच, विशेषतः ऊन पडल्यावर बाहेर पडते. घार, शिक्रा, कावळा हे दिवसाचेच. उदमांजर मात्र रात्री येते, झाडावर व छपरावर सहज चढते आणि कवेलूच्या फटीतून आत उतरते. रानमांजर पहाटे व तिन्हीसांजेला जास्त फिरते. कोल्हा रात्री व पहाटे येतो. उंदीर, घूस आणि भटकी कुत्री यांचा त्रास मुख्यतः रात्रीचा, परंतु कुत्री दिवसाही सोडत नाहीत. तेव्हा मध्यरात्री बंद खुराड्यात कोंबड्या मेल्या असतील तर त्याचा दोष मुंगसावर टाकण्यापूर्वी विचार करावा.

२) मेलेल्या कोंबडीची अवस्था : एकाच वेळी चार-पाच कोंबड्या मानेला किंवा डोक्याला चावून मारल्या आणि बहुतेक तशाच टाकून दिल्या असतील तर मुंगूस किंवा उदमांजर यांचा संशय घ्यावा. बंद जागेत फडफड सुरू झाली की हे प्राणी गरजेपेक्षा जास्त मारतात. सर्वत्र पिसे विखुरलेली, कोंबड्या लोळवलेल्या, पण फारशा खाल्लेल्या नाहीत, हे काम कुत्र्यांचे असते. एकच कोंबडी नाहीशी झाली आणि पिसांची रांग कुंपणाकडे किंवा शेताकडे गेली असेल तर रानमांजर किंवा कोल्हा असावा.

३) अंड्यांची टरफले : मुंगूस अंडे मागच्या पायांमधून दगडावर किंवा भिंतीवर आपटून फोडतो, त्यामुळे टरफलांचे तुकडे दगडाजवळ सापडतात. कावळा चोचीने भोक पाडतो. उंदीर टरफलाची कड कुरतडतो. साप अख्खे अंडे गिळतो, मागे काहीच ठेवत नाही.

४) नाहीशी झालेली पिले : दिवसा मोकळ्या जागेतून, आवाज होऊन पिलू गेले तर घार, शिक्रा किंवा कावळा. रात्री खुराड्यातून एक-एक पिलू कमी होत असेल तर उंदीर, घूस किंवा साप. उंदीर पिलू बिळात ओढून नेतो, म्हणून बिळाच्या तोंडाशी पिसे सापडतात. मोठी कोंबडी मेलेली असून तिचे डोके व मान चिकट, ओली असेल तर सापाने गिळण्याचा प्रयत्न करून सोडून दिले असे समजावे. अशा वेळी साप आतच असू शकतो. खुराड्यात हात घालू नये.

५) पावलांचे ठसे : खुराड्याभोवती संध्याकाळी चुलीची चाळलेली राख किंवा बारीक माती हातभर रुंद पसरावी आणि सकाळी पाहावी. चार बोटे व नखांच्या खुणा असल्यास कुत्रा किंवा कोल्हा. चार बोटे पण नखे दिसत नसल्यास मांजर किंवा रानमांजर, कारण मांजर चालताना नखे आत ओढून घेते. लहान पाऊल, पाच बोटे आणि नखे असल्यास मुंगूस. मध्ये शेपटीची ओढलेली रेघ व दोन्ही बाजूंना पंजे असल्यास घोरपड. दोन-तीन दिवस ही राख टाकली तरी बहुतेक वेळा कोडे सुटते.

एक सावधगिरी. अंगावर जखम नसताना कोंबड्या मरत असतील तर तो शिकारी प्राण्याचा प्रकार नाही, रोग किंवा विषबाधा आहे. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. भारतात बर्ड फ्लूची पहिली नोंद २००६ मध्ये आपल्याच राज्यातील नवापूर (जि. नंदुरबार) येथे झाली होती. म्हणून अचानक व जास्त संख्येने मेलेल्या कोंबड्या हाताळू नयेत, खाऊ नयेत आणि नाल्यात फेकू नयेत.

रात्रीचे संरक्षण : पक्के खुराडे

रात्री कोंबडीला जवळजवळ दिसत नाही. ती जेथे बसते तेथून हलत नाही. म्हणून रात्री तिचे रक्षण पूर्णपणे खुराड्यावर अवलंबून असते.

जागा : दहा मोठ्या कोंबड्यांना रात्रीच्या मुक्कामासाठी ५ फूट × ४ फूट जागा पुरते. खुराडे घराजवळ, हाक ऐकू येईल अशा अंतरावर असावे. कुटाराचा ढीग, पऱ्हाटी-तुराटीची गंजी आणि दाट कुंपण यांना ते चिकटलेले नसावे.

उंची : खुराडे जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच खांबांवर उभारावे. बांबू, बाभळीची लाकडे किंवा लोखंडी अँगल, जे उपलब्ध असेल ते चालते. खांबांना मध्यावर गुळगुळीत पत्र्याचा फूटभर रुंद पट्टा गुंडाळला तर उंदीर वर चढू शकत नाहीत. मात्र खुराड्याला टेकून काठी, शिडी किंवा लाकडे ठेवली तर हा पट्टा व्यर्थ जातो. खुराड्यावर टेकलेली झाडाची फांदी छाटून टाकावी, कारण उदमांजर तिच्यावरूनच उतरते.

तळ : मातीच्या जमिनीवरील जुने खुराडे मोडणे शक्य नसेल तर त्याच्या पायाशी चारही बाजूंना दीड-दोन फूट रुंद जाळी जमिनीवर आडवी अंथरावी, भिंतीशी घट्ट बांधावी आणि वर माती-दगड टाकावेत. खणणारा प्राणी भिंतीलगतच उकरायला सुरुवात करतो. जाळी लागली की तो दोन फूट मागे जाऊन खणण्याचा खटाटोप सहसा करत नाही. दुसरा मार्ग म्हणजे पायाभोवती फूटभर खोल चर खणून त्यात दगड-मुरूम ठोकून भरणे.

जाळी : येथे बहुतेकांची फसगत होते. बाजारात मिळणारी षटकोनी छिद्रांची पातळ कोंबडी-जाळी कोंबड्यांना आत ठेवण्यासाठी असते, शिकाऱ्याला बाहेर ठेवण्यासाठी नव्हे. कुत्रा ती दातांनी फाडतो, उंदीर व लहान साप तिच्या छिद्रातून आत जातात, मांजर पंजा घालून पिलू ओढते. खालच्या दोन-तीन फुटांपर्यंत तरी अर्धा इंच छिद्राची, जोड दिलेली जाड तारेची जाळी वापरावी. वरच्या भागात जुनी जाळी चालेल. पैसा मोजकाच असेल तर मोठे खुराडे कच्चे करण्यापेक्षा लहान खुराडे पक्के करावे.

फटी : जेथे माणसाचा अंगठा जातो तेथे उंदीर जातो आणि जेथे तीन बोटे जुळवून जातात तेथे मुंगसाचे पिल्लू किंवा बारीक मुंगूस शिरू शकतो, असे धरून चालावे. दिवसा खुराड्यात आत बसून दार लावून घ्यावे आणि कोठून उजेड येतो ते पाहावे. प्रत्येक उजेडाची जागा ही एक वाट आहे. कवेलू आणि भिंत यांमधील फट, दाराखालची फट, पत्र्याच्या नागमोडी कडेखालची पोकळी या तीन जागा हमखास उघड्या राहतात. त्या जाळीच्या तुकड्यांनी किंवा सिमेंट-वाळूने बंद कराव्यात. नुसत्या चिंध्या कोंबून उपयोग नाही.

हवा : आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो. चारही बाजूंनी पत्रा ठोकलेल्या खुराड्यात कोंबड्या गुदमरतात, म्हणून घरचे लोक दार उघडे ठेवतात आणि त्याच रात्री नुकसान होते. यावर उपाय म्हणजे समोरासमोरच्या दोन भिंतींत वरच्या बाजूला जाळीची खिडकी ठेवणे. हवा खेळती राहते आणि दार बंद ठेवता येते. पत्र्यावर तुराटी किंवा गवत टाकून त्यावर दुपारी पाणी शिंपडावे.

बसण्याची काठी व अंड्यांचे खोके : बसण्याच्या काठ्या जमिनीपासून दोन फूट उंच आणि जाळीपासून निदान नऊ इंच आत असाव्यात, म्हणजे बाहेरून पंजा पोचत नाही. चार-पाच कोंबड्यांमागे एक फूट लांब-रुंद-उंच असे एक खोके ठेवावे. अंडी दिवसातून दोनदा गोळा करावीत. खुराड्यात राहिलेले अंडे हे घोरपड, साप व मुंगूस यांना दिलेले आमंत्रण असते.

दार आणि रोजचा क्रम

चांगल्या खुराड्याचे सर्वात कमकुवत अंग म्हणजे दार. सुतळीची गाठ किंवा टेकवलेला दगड कुत्रा व रानमांजर सहज बाजूला करतात. कडी-कोयंडा बसवावा आणि त्यात खिळा किंवा लाकडी खुंटी अडकवावी. दार चौकटीत घट्ट बसणारे, बाहेर उघडणारे असावे.

परंतु कडी असून ती लावली गेली नाही तर सारे फुकट. कोंबड्या दिवस मावळताना आपणहून आत येतात. अंधार पडण्यापूर्वी, मोजून, दार बंद करावे. सकाळी चांगले उजाडल्यावर उघडावे. हिवाळ्यातील धुक्याच्या पहाटे घाई करू नये. हे काम घरातील एका व्यक्तीकडे नेमून द्यावे आणि ती व्यक्ती लग्नाला, बाजाराला किंवा शेतावर मुक्कामाला गेली तर तिच्या जागी दुसऱ्याचे नाव आधीच ठरवावे. ‘कोणीतरी लावले असेल’ या समजुतीवर सोडलेली एकच रात्र वर्षभराचा कळप संपवू शकते. मोजणीचा दुसरा फायदा असा, की एक कोंबडी कमी झाली तर त्याच संध्याकाळी समजते. शिकार मिळालेला प्राणी त्याच जागी पुन्हा येण्याचा संभव फार असतो. त्यामुळे पहिल्या नुकसानीनंतरच्या दोन-तीन रात्री सर्वात धोक्याच्या असतात.

कडुलिंबावर किंवा गोठ्याच्या आढ्यावर बसण्याची सवय लागलेल्या कोंबड्यांना आठ-दहा दिवस संध्याकाळचे दाणे खुराड्यातच टाकावेत आणि आतच कोंडावे. हळूहळू त्या स्वतः आत जाऊ लागतात.

पिलांचे पहिले आठ आठवडे

संरक्षणावर करावयाचा खर्च व श्रम यांतील मोठा वाटा पिलांवर करावा.

पहिले दोन-तीन आठवडे कोंबडी व पिले मोकळी सोडू नयेत. आपल्याकडील बांबूचे डालगे यासाठी उत्तम. ते सावलीत पालथे घालावे, वर वजन ठेवावे आणि आत पाणी व भरड द्यावी. डालग्याच्या पट्ट्यांतून पिले बाहेर निसटत असतील तर खालून वीतभर जाळी गुंडाळावी. रात्री मात्र डालग्यावर विसंबू नये. पिलांसह कोंबडी पक्क्या खुराड्यात किंवा घरात घ्यावी.

त्यानंतर सहा ते आठ आठवड्यांपर्यंत पिलांना वरून झाकलेल्या जाळीच्या लहान आवारात फिरू द्यावे. आठ फूट × चार फूट आवार एका कोंबडीच्या पिलांना पुरते. ते दर दोन-तीन दिवसांनी सरकवले तर ताजे गवत व किडे मिळतात आणि विष्ठाही एका जागी साचत नाही.

सुधारित जातींची पिले आणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराजा व ग्रामप्रिया ही पिले यंत्रात उबवलेली असतात. घार आल्यावर पंखाखाली घेणारी आई त्यांना नसते. शिवाय गिरिराजा व वनराजा अंगाने भारी असल्याने देशी कोंबडीसारख्या चपळाईने उडून झाडावर बसत नाहीत. त्यांना ऊब देण्याच्या काळात पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान ठेवावे व दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी करावे. ऊब देण्याची खोली उंदरांपासून सुरक्षित आहे याची पिले आणण्यापूर्वीच खात्री करावी. एका रात्रीत उंदीर अनेक पिले मारू शकतात.

दिवसा मोकळ्या परसात

देशी कोंबडी मोकळी फिरली तरच ती स्वस्तात जगते. म्हणून तिला दिवसभर कोंडणे परवडत नाही. दिवसा धोका पूर्णपणे टळत नाही, पण कमी करता येतो.

आडोसा कोठे हवा आणि कोठे नको, हे समजून घ्यावे. खुराड्याभोवती आणि परसाच्या कडेला दहा-पंधरा फुटांचा पट्टा स्वच्छ ठेवावा. गाजरगवत, तरोटा आणि वाढलेले गवत काढून टाकावे, म्हणजे मुंगूस व रानमांजर यांना दबा धरता येत नाही. उलट परसाच्या मध्यावर कोंबड्यांना पटकन शिरता येईल असा बुटका आडोसा हवा, कारण घार वरून येते. तुराटीचा दोन फूट उंचीचा मांडव, जुनी बाज किंवा मोडकी बैलगाडी एवढ्याने काम भागते. चार खांबांवर बांबू-तारेचा मांडव घालून त्यावर दोडका, कारली, वाल यांचे वेल चढवले तर वरून घारीला पिले दिसत नाहीत, खाली सावली मिळते आणि घरात भाजीही येते. वेल लहान असताना कोंबड्या रोपे उकरतात, म्हणून बुडाशी काटेरी फांद्या लावाव्यात.

कळपात एक जागरूक कोंबडा असावा. घार दिसताच तो विशिष्ट आवाज काढतो आणि कोंबड्या आडोशाला पळतात. घरचा कुत्रा लहानपणापासून कोंबड्यांत वाढवला तर तो दिवसा व रात्री उत्तम राखण करतो. मोठा झालेला भटका कुत्रा आणून हा प्रयोग करू नये. चमकणाऱ्या पट्ट्या, बुजगावणे यांचा उपयोग काही दिवसच होतो. त्यांची जागा वरचेवर बदलावी.

उंदीर कमी, तर साप-मुंगूस कमी

सांडलेले दाणे उंदरांना बोलावतात आणि उंदीर साप, मुंगूस व रानमांजर यांना बोलावतात. ही साखळी पहिल्याच कडीला तोडावी. दाणे कोंबड्या वीस-पंचवीस मिनिटांत संपवतील एवढेच टाकावेत. उरलेले खाद्य पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवावे. अंथरलेले कुटार ओले होताच बदलावे. बिळे दगड-मातीने बुजवून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावीत. जी उघडली असतील ती चालू बिळे समजावीत व तेथे पिंजरा लावावा. कोंबड्यांचे आतडे-पिसे व मेलेली पिले उकिरड्यावर टाकल्यास कुत्री आणि कोल्हे त्या वासावर येतात. दोन फूट खोल खड्ड्यात चुना टाकून ती पुरावीत.

काय करू नये

विष : अंड्यात किंवा मांसात शेतीचे विषारी औषध भरून ठेवण्याची पद्धत अत्यंत घातक आहे. त्याने घरचा कुत्रा, शेजाऱ्याची मांजर, आपल्याच कोंबड्या आणि प्रसंगी लहान मूल दगावू शकते.

वीज : कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडणे हा गुन्हा आहे. त्यात माणसे व गुरे मरतात. रात्री पाणी द्यायला गेलेला आपलाच माणूस त्या तारेला लागू शकतो.

शिकार : मुंगूस, रानमांजर, उदमांजर, कोल्हा, घोरपड, नाग, शिक्रा या सर्वांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०२३ पासून दंडाच्या तरतुदी अधिक कडक झाल्या. घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे आणि तिच्या शिकारीस तीन ते सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. प्राणी खुराड्यात अडकला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

शेतीच्या दृष्टीनेही हे प्राणी कामाचे आहेत. मुंगूस, रानमांजर, कोल्हा, धामण आणि घुबड मिळून हरभरा-गव्हातील उंदरांवर जे नियंत्रण ठेवतात, ते पैसे देऊन विकत घेता येत नाही. कोंबडी वाचवायची आणि उंदीर वाढवायचे, हा सौदा तोट्याचा आहे. दार लावले तर दोन्ही साधते.

सापाविषयी : कार्बोलिक आम्ल, डांबराच्या गोळ्या, लसूण यांवर विसंबू नये. बुजवलेली फट व अर्ध्या इंचाची जाळी हाच खरा उपाय आहे. अंधारात खोक्यात हात घालून अंडी काढू नयेत. आधी बॅटरीचा उजेड टाकावा. सर्पदंश झाल्यास मंत्र-तंत्रात वेळ न घालवता लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठावे.

थोडक्यात महत्त्वाचे

१) आधी शिकारी ओळखा : वेळ, जखम, टरफले, ठसे पाहा.
२) खुराडे लहान चालेल, पण पक्के हवे. उंच तळ, अर्ध्या इंचाची जाळी, कडी-कोयंडा.
३) अंधारापूर्वी मोजून दार लावा. जबाबदारी एकाची, बदली ठरलेली.
४) पिलांना आठ आठवडे डालगे व जाळीखाली वाढवा.
५) खुराड्याभोवती मोकळा पट्टा, परसाच्या मध्यावर आडोसा.
६) सांडलेले दाणे, साचलेली अंडी, उघडी घाण ठेवू नका.
७) विष, विजेची तार व चाप वापरू नका.
८) मानमोडीचे लसीकरण वेळेवर करून घ्या. रोगाने मरणाऱ्या कोंबड्या जाळीने वाचत नाहीत.

अधिक माहितीसाठी जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना, करडा (ता. रिसोड) येथील कृषी विज्ञान केंद्र किंवा अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांच्याशी संपर्क साधावा. येत्या रविवारी दिवसा एकदा खुराड्यात बसून दार लावून घ्या आणि उजेडाच्या जागा मोजा. त्या संध्याकाळपर्यंत बुजवल्या, तर कामाची सुरुवात झाली असे समजावे.